डावी निपाणीची, उजवी कापशीची

महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन सरकारांची नावं एकाच कागदावर शेजारीशेजारी बघायची हौस असेल, तर सर्वोच्च न्यायालयात जावं. तिथं २००४ पासून ती एका दाव्यावर नांदताहेत. एक वादी, दुसरं प्रतिवादी. याखेरीज असा कागद सापडणं कठीण. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र एक सापडला, तोही मुंबईतल्या इटलीच्या वकिलातीत. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ आणि मिलानची प्राडा कंपनी अशा तिघांचा सामंजस्य करार झाला. विषय, पायताण.

बेळगाव म्हणायचं की बेळगावी, ८६५ गावं कुणाची, पाटी कुठल्या लिपीत, यांतला एकही मुद्दा त्या दिवशी निघाल्याचं ऐकिवात नाही. युरोचा भाव निघाला असावा.

मामला तुम्हाला आठवतच असेल. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाची पोरं आपली चप्पल घालून चालली. कंपनीनं तिला नुसती चामडी सँडल म्हटलं, आणि इकडं कोल्हापूर पेटलं. ज्यांच्या पायात गेली कित्येक वर्षं रबरी क्रॉक्स आहेत, त्यांचीही अस्मिता तळपायापासून गरम झाली. महाराष्ट्र चेंबरचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र धाडलं. कंपनीनं उत्तरात प्रेरणा कोल्हापुरीचीच असल्याचं मान्य केलं. काही वकील मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. नाव ज्यांच्या मालकीचं आहे त्यांनी यावं, तुमचा यात काय संबंध, अशा अर्थाचं ऐकून परतली. त्याच जुलैत प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली, काम बघून गेली. मग डिसेंबरातला करार. २,००० जोड महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बनवायचे, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो, फेब्रुवारी २०२६ पासून प्राडाच्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे. शिवाय कारागिरांना प्रशिक्षण, काहींना थोडे दिवस प्राडाच्या इटलीतल्या अकादमीत.

८०० युरो म्हणजे ८०,००० रुपयांच्या वर. एवढ्या पैशात आमच्या चप्पल लाईनीत अख्ख्या वऱ्हाडाला पायताणं मिळतात, वर दुकानदार चहा पाजतो. आणि प्रशिक्षणाचं म्हणाल तर कापशीच्या गड्यानं इटलीला जावं, जरूर जावं. त्याच्या हातातली रापी बघायला चार इटालियन पोरं कापशीलाही येऊन राहिली, तर त्या कागदाला उभयपक्षी म्हणता येईल.

आता खरी गंमत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते ८ जिल्ह्यांना. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे त्यांचे. नोंदणी दोन्ही महामंडळांच्या नावावर. म्हणजे चपलेपुरतं का होईना, कोल्हापूरच्या नावाचं निम्मं मालक कर्नाटकचं सरकारी महामंडळ आहे. ही गोष्ट होऊन इतकी वर्षं झाली. कोल्हापुरात एक बंद नाही, एक रास्ता रोको नाही, बिंदू चौकात साधी घोषणा नाही. जिथं टोलवरून, पाण्यावरून, हत्तिणीवरून शहर रस्त्यावर येतं, तिथं हे कुणाला टोचलं नाही, कारण ते पायाखाली होतं.

कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी त्या जूनमध्येच आठवण करून दिली होती, की ही चप्पल बनवणारे पुष्कळ हात अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग भागातले आहेत. कोल्हापूर ही त्यांची पेठ, आणि नाव पेठेचं लागलं. आपल्याकडं काहींनी दातओठ खाल्ले. पंचाईत अशी की ते खोटं नाही. धंदा चालतो कसा ते बघा. कातडं बरंचसं तमिळनाडूकडून येतं. कमावायचं ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात. तळ कापणं, ठोकणं, शिवणं गड्याकडं. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बाई विणते, दुपारचं सगळं आवरून, दारात बसून. तिच्या दारापुढून जाणारा रस्ता कुठल्या राज्याच्या बांधकाम खात्याचा, हे तिला खड्ड्यांवरूनही ओळखता येणार नाही. कापशीचा घाट वेगळा, कुरुंदवाडचा वेगळा, अथणीचा वेगळा, पण दुकानात टांगलेल्या जोडातली डावी निपाणीची आणि उजवी कापशीची निघाली, तर गिऱ्हाईक तक्रार फक्त मापाची करील.

हे सगळं कुठल्या सामंजस्य करारानं उभं राहिलेलं नाही. करार त्यावर आता येऊन बसला आहे. बसू दे. ८०० युरोतले त्या वेणीवालीच्या हातात किती पडतात, हा प्रश्न यापुढं मुंबईला आणि बेंगळुरूला एकाच वेळी, एकाच कागदाच्या आधारावर विचारता येईल. आजघडीला त्या कराराची एवढीच किंमत मी धरतो, आणि ती कमी नाही.

चपलेत भागीदार असलेला हाच शेजारी गुळात काय होतो? संशयित. कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे, पण त्यात शेजाऱ्याचा वाटा नाही. म्हणून कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी म्हणून खपवतात, ही ओरड हंगाम आला की बाजार समितीत उठते. निवेदनं दिली जातात, तपासणीच्या बातम्या येतात, चार दिवसांनी सगळं गुऱ्हाळाच्या धुरात विरून जातं. पिकवणारी माती सलग, गुळव्यांचं जाणं-येणं दोन्हीकडं, पण चपलेतला आपला गुळात परका.

आणि उसात तो थेट शत्रुराष्ट्र. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारनं अधिसूचना काढली, की ३० एप्रिल २०२४ पर्यंत राज्याबाहेर ऊस न्यायचा नाही. पाऊस कमी, ऊस कमी, आपल्या कारखान्यांना पुरला पाहिजे, असा हिशेब. म्हणजे शिरोळच्या शेतकऱ्यानं ऊस लावला स्वतःच्या रानात, पाणी पाजलं स्वतःच्या मोटारीनं, कर्ज उचललं स्वतःच्या सात-बारावर, आणि विकायची वेळ आली तेव्हा तो महाराष्ट्राचा ठेवा झाला! राजू शेट्टींनी विरोध केला, शेतकरी खवळले, आणि काही दिवसांतच सरकारनं अधिसूचना गुंडाळली. हंगाम कधी सुरू करायचा हे इकडं मुंबईत मंत्री समिती ठरवते, तिकडं बेंगळुरू. दोन तारखांत फट पडली की सीमेवरचा ऊस त्या फटीतून जातो. ज्याचं धुराडं आधी पेटतं आणि ज्याचं बिल वेळेवर येतं, तिकडं ट्रॅक्टर वळतो. दूधगंगा ओलांडायला ट्रॉलीला कानडी यावं लागत नाही.

सरकारकडं असल्या गोष्टींसाठी यंत्रणा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. यंत्रणा १९५६ पासून आहे. ज्या राज्य पुनर्रचना कायद्यानं बेळगाव तिकडं गेलं आणि चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून उचलून कोल्हापूरला जोडला, त्याच कायद्यात विभागीय परिषदांची सोय केली. केंद्रीय गृहमंत्री अध्यक्ष, मुख्यमंत्री सदस्य. त्यांनी चर्चा कशावर करायची, तर आर्थिक आणि सामाजिक नियोजनातले सामाईक विषय, सीमावाद, भाषिक अल्पसंख्याक, आंतरराज्य वाहतूक. कोल्हापूर-बेळगाव डोळ्यांसमोर ठेवूनच यादी केली असावी असं वाटतं. अडचण बारीकशी आहे. महाराष्ट्र बसतो पश्चिम परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. आपल्या बाकावर गुजरात, गोवा आणि दादरा-दमण. त्यांच्या बाकावर केरळ, तमिळनाडू, आंध्र, तेलंगण, पुदुच्चेरी. कागलच्या नाक्यावरचं गाऱ्हाणं आपण सांगायचं ते दमणला. दमणही काय करणार, मान डोलावणार. दोन परिषदांनी एकत्र बसायचं म्हटलं तर त्याचीही तरतूद कायद्यात आहे. कायद्यात तरतुदी पुष्कळ असतात.

२२ फेब्रुवारी २०२५ ला पश्चिम परिषदेची बैठक पुण्यात झाली, अमित शहा अध्यक्षस्थानी. त्याच्या आदल्या दिवशी बेळगावजवळ भाषेवरून कर्नाटकच्या एका बसवाहकाला मारहाण झाली होती. उत्तरादाखल तिकडं चित्रदुर्गजवळ आपली एसटी अडवून चालकाच्या तोंडाला काळं फासलं गेलं. इकडून कर्नाटकात जाणाऱ्या एसट्या परिवहनमंत्र्यांनी थांबवल्या. हे सगळं ज्या दोन दिवसांत झालं, त्यांतल्याच एका दिवशी आंतरराज्य वाहतूक हा ज्यांचा कायदेशीर विषय, ती परिषद पुण्यात भरली होती. आणि ज्याच्याशी वाहतूक बंद पडली, ते राज्य त्या परिषदेचं सदस्यच नाही. एवढा योग पंचांगात बघून जुळवता आला नसता.

एसटी बंद झाली की माणसं काय करतात? नाक्याच्या अलीकडं उतरतात, बोचकं डोक्यावर घेतात, कोगनोळीच्या टोलनाक्यावरून चालत पलीकडं जातात आणि निपाणीची गाडी धरतात. निपाणीचा माणूस कोल्हापुरात दवाखान्याला येतो, कागलचा माणूस निपाणीच्या बाजाराला जातो. दोघांची सोयरीक तर कधीचीच झालेली असते. २०२१ मध्ये याच कोगनोळीला कोरोनाच्या तपासणीचा दाखला मागत होते. दाखला नसलेले परत फिरायचे आणि आडवाटेनं, रानातून, ओढ्यातून आत शिरायचे. मार्गशीर्षात रेणुकेच्या यात्रेला कोल्हापूरच्या एसट्या रांगेनं सौंदत्तीला जातात. आदमापूरच्या बाळूमामांचा जन्म अक्कोळचा, म्हणजे आताच्या कर्नाटकातला. त्यांच्या मेंढरांनी हद्द कधी मोजली नाही. अमावास्येला आदमापुरात कानडी गाड्यांची दाटी बघून घ्या.

बैठका होत नाहीत असं नाही. ४ नोव्हेंबर २०२२ ला दोन्ही राज्यांचे राज्यपाल चक्क कोल्हापुरात एकत्र बसले. भगतसिंह कोश्यारी इकडचे, थावरचंद गेहलोत तिकडचे, सोबत सीमेवरच्या जिल्ह्यांचे अधिकारी. समन्वय ठेवायचं ठरलं. तीन आठवडेही झाले नाहीत तोवर कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी आपल्या जत तालुक्यावर हक्क सांगितला. डिसेंबरात बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, इकडं कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं लागलं. मग १४ डिसेंबरला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवलं आणि प्रत्येकी ३ अशी ६ मंत्र्यांची समिती नेमायचं ठरलं. त्यावर दोन आठवडे उलटायच्या आत दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव करून टाकले. समन्वयाचा वेग बघा!

आता जरा अशा गोष्टीकडं येऊ, जिच्यावर कधी दगड पडत नाहीत आणि म्हणून जिची बातमी होत नाही. इचलकरंजीला चिकटून माणकापूर आहे. यंत्रमागाची खडखड दोन्हीकडं सारखीच, पण माणकापूर कर्नाटकात. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, विणाई देऊन कापड परत आणायचं, हा या पट्ट्यातला जुना धंदा. यालाच जीएसटीच्या भाषेत जॉबवर्क म्हणतात. महाराष्ट्राच्या हद्दीत ५० किलोमीटरपर्यंत सूत, कापड जॉबवर्कला पाठवायचं असेल तर माल कितीही किमतीचा असो, ई-वे बिल लागत नाही. छान सवलत आहे, यंत्रमागाचा धंदा कळणाऱ्या कुणीतरी दिलेली दिसते. पण माल राज्याची रेघ ओलांडून जॉबवर्कला गेला, की ई-वे बिल लागतंच, माल कितीही किरकोळ किमतीचा असो. एरवी देशभर ५०,००० रुपयांपर्यंतच्या मालाला यातून सूट आहे. जॉबवर्कवाल्यानं रेघ ओलांडली की तीही नाही. इचलकरंजीतून ४० किलोमीटरवर पाठवलेल्या टेम्पोभर सुताला काही नको, आणि ओढ्यापलीकडच्या माणकापूरला दुचाकीवर नेलेल्या चार कोनांना संगणकाचा कागद हवा.

लोखंडाचंही तेच. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कास्टिंग ओतलं, मशिनिंगला बेळगावच्या उद्यमबागेत धाडलं, तयार नग पुण्याला किंवा चाकणला. गाड्यांची इंजिनं बनवणारा कारखानदार त्या नगावर 'महाराष्ट्राचा इतका भाग, कर्नाटकचा इतका' असं कोरून मागत नाही, त्याला मायक्रॉन बरोबर हवेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा नाके गेले, रांगा गेल्या, ट्रकवाल्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. नाका खरोखर गेला हे मान्य करायला हवं. पण त्याचा काही भाग पोर्टलवर राहायला गेला आहे. ६ मंत्र्यांच्या समितीला एखाद्या दुपारी भाषा, गावं, नकाशा यांतून सवड झाली, तर सीमेपासून २५ किलोमीटरच्या आतल्या जॉबवर्कला सूट द्या, एवढी एका ओळीची शिफारस जीएसटी कौन्सिलकडं धाडता येईल. तिच्यात कुणाची अस्मिता दुखावत नाही. तिच्यासाठी कुणी बस जाळणार नाही, हीच तिची अडचण.

आमचे उद्योजकही भोळे नाहीत. २०१३ च्या सुमारास वीजदर अंगावर आले, तेव्हा कोल्हापूरच्या कारखानदारांनी जाहीर करून टाकलं, की आम्ही चाललो कर्नाटकात. तिकडचं सरकार निपाणीजवळ तवंदीला जागा दाखवायला एका पायावर तयार झालं. मुंबईत धावपळ झाली. कारखाने बहुतेक जागच्या जागीच राहिले, पण तेव्हापासून 'तवंदी' हे आमच्याकडं वाटाघाटीतलं हत्यार आहे. म्यानातून अर्धं काढून दाखवायचं आणि परत ठेवायचं. शेजारी राज्य असण्याचा हा फायदा पुस्तकात लिहिलेला नसतो.

सीमेपलीकडं हातपाय पसरायचे तर आपल्याकडं आणखी एक राजमार्ग आहे, मल्टिस्टेट. एकापेक्षा जास्त राज्यांत सभासद असले की सहकारी संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली जाते, आणि तिच्यावरची नजर पुण्याच्या सहकार आयुक्तांकडून दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडं. कल्पना चांगली. शेतकऱ्याचं रान दोन राज्यांत असेल तर त्याची संस्थाही असावी. पण कोल्हापुरात कुठल्याही चांगल्या कल्पनेला आधी विचारतात, निवडणूक कधी आहे? २०१८ मध्ये गोकुळ दूध संघ मल्टिस्टेट करायचा घाट सत्ताधाऱ्यांनी घातला. कर्नाटकातलं दूध आणायचं, विस्तार करायचा, असं सांगितलं गेलं. विरोधक म्हणाले, दूध कसलं आणताय, सत्ता कायमची नेताय. सप्टेंबरातली सभा गोंधळात काही मिनिटांत आटोपली, ठराव मंजूर झाला म्हणे. पुढं प्रस्ताव गुंडाळावा लागला, आणि २०२१ च्या निवडणुकीत सत्ताच पालटली. या सगळ्या धुमश्चक्रीत कर्नाटकातल्या म्हशींना कुणी काही विचारलं नाही. त्यांचं दूध तेव्हाही सीमा ओलांडत होतं, आजही ओलांडतं.

बाहेरच्या जगात हे कसं करतात? १९५८ मध्ये, म्हणजे आपली भाषावार वाटणी होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा, जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सीमेवरच्या गावांनी युरेजिओ नावाची संस्था काढली. महायुद्ध संपून १३ वर्षं झालेली. एकानं दुसऱ्याचा देश टाचेखाली घेतलेला, दुसऱ्याच्या घरात त्याचे मेलेले मोजायचे अजून राहिलेले. तरी नगरपालिका एकत्र आल्या, रस्ते, नोकऱ्या, कामगारांची ये-जा यांवर बोलू लागल्या. ती संस्था आज ग्रोनाऊ या जर्मन गावात सरहद्दीवरच बसते. देशांनी तह करायची वाट गावांनी बघितली नाही. पुढं १९९० पासून युरोपनं इंटररेग नावाखाली अशा कामांना पैसाच ठेवला, दोन देशांनी मिळून अर्ज केला तरच मिळणारा. हे वाचून कोल्हापूर, इचलकरंजी आणि बेळगाव या तीन महापालिकांनी एकत्र बसावं असं कुणाला वाटेल. आधी कोल्हापूर महापालिकेनं शेजारच्या खेड्यांसोबत हद्दवाढीवर बसून दाखवावं, मग बघू.

तोवर प्रादेशिक आर्थिक सहकार्य लोकांनी आपापलं चालवलं आहे. कर्नाटकात पेट्रोल-डिझेल लिटरमागं काही रुपयांनी स्वस्त होतं, तेव्हा नाक्यापलीकडच्या पंपांवर एमएच ०९ च्या गाड्या टाकी फुल्ल करायच्या. 'आपल्या राज्याचा महसूल आपल्या राज्यात' असं सांगणारे कार्यकर्तेही तिथं भेटायचे, मान दुसरीकडं वळवून. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. ती कुठल्या दिशेनं मोडली जाते हे पकडलेल्या टेम्पोंच्या बातम्यांत वाचा. गोव्याची दारू घाट चढून येते ती वेगळीच. या व्यापाराला मुक्त व्यापार क्षेत्र लागलं नाही, शिष्टमंडळ लागलं नाही, समूहचित्र तर कुणाला नकोच असतं.

पाण्याचं मात्र गमतीनं घेता येत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोळ तालुका बुडाला, तेव्हा अलमट्टीतून किती क्युसेक सोडले हे इथला शाळकरी पोरगाही सांगत होता. २०१९ च्या पुराला अलमट्टी हे मुख्य कारण नव्हे, असं वडनेरे समितीनं अहवालात म्हटलं. शिरोळमध्ये त्यावर आजही कुणी विश्वास ठेवत नाही. कर्नाटकला धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची आहे, २०१० च्या लवादानं तशी मुभा दिली आहे, आणि महाराष्ट्राचा विरोध आहे. एवढं असूनही पावसाळ्यात दोन्हीकडचे अभियंते एकमेकांना फोन करतात, विसर्ग कळवतात, दारं किती उचलायची ते ठरतं. मंत्री बोलत नसताना कार्यकारी अभियंता बोलतो. त्याच्या फोनचं बिल ही मला या पट्ट्यातली सर्वांत कामाची सरकारी गुंतवणूक वाटते.

आणि दूधगंगा. काळम्मावाडीचं धरण राधानगरी तालुक्यात, साठा सुमारे २५ टीएमसी, आणि प्रकल्प दोन राज्यांचा. त्यातलं ४ टीएमसी पाणी कर्नाटकच्या वाट्याचं. करार जुना, भांडण फारसं नाही, कालव्याची कामं रखडली ती दोन्हीकडं सारखीच रखडली. त्याच दूधगंगेचं पाणी सुळकूडहून इचलकरंजीला प्यायला न्यायची योजना मंजूर झाली, तर कागलकर म्हणाले, एक थेंब देणार नाही. इचलकरंजी महाराष्ट्रात, कागल महाराष्ट्रात, जिल्हा एक, पालकमंत्री एक. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, मुंबईत बैठका झाल्या, समिती नेमली गेली. इचलकरंजीतल्या नळाला अजून चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि दूधगंगा सुळकूडवरून पुढं कर्नाटकात जाते.